कडेच्या पाच ओळी

शिवलिंगअप्पांबद्दल लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कृषी खात्यातून निवृत्त झालोय, पेन्शन सुरू आहे, कशाला जुनं उकरायचं, असं स्वतःला समजावत राहिलो. गेल्या महिन्यात अप्पा गेले.

येरमाळ्याजवळच्या त्यांच्या गावात अप्पा म्हणजे सगळ्यांची करमणूक. बियाण्याच्या, औषधाच्या पाकिटावर छापलेला शब्द न् शब्द पाळणार. फवारणीला हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं अशा थाटात निघाले की गावातली कुत्री भुंकत मागं लागायची. "छापलंय ते उगी छापलंय व्हय?" एवढंच त्यांचं म्हणणं.

बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर तेव्हा साध्या कपाशीची वेगळी पुडी यायची. ती शेताच्या कडेनं पाच ओळी लावायची, असा सरकारी नियम. साध्या झाडांवर थोड्या अळ्या जगल्या, तर बीटीचं विष पचवणारी अळी लवकर तयार होत नाही. लोक पुडी बांधावर फेकत. अप्पा आणि त्यांची बायको गिरजाबाई मात्र वाकून वाकून तिची टोकण करत.

"काय अप्पा, पाव्हणे जेवले का?" लोक विचारायचे.

"जेवत्यात की. म्या वाढतो म्हणून तुमची बोंडं ऱ्हायलीत!"

एका वर्षी बोंडअळीनं अप्पांचंही पीक खाल्लं. बियाणं बोगस असल्याची त्यांनी तक्रार केली. तपासणीला मी गेलो, तेव्हा ते कळंबला गेले होते. रानात चिखल होता. मी बांधावरूनच पानं तोडली.

"साहेब, आतली घ्या," गिरजाबाई म्हणाल्या. "ही कडंची साधी हायत."

मी हसलो. तो नियम गावोगाव मीच शिकवत होतो आणि कुणी तो पाळत असेल यावर माझाच विश्वास नव्हता. पंचनाम्यावर त्यांचा अंगठा घेतला आणि निघालो.

अहवाल आला: पानांत बीटी नाही. दुकानातलं त्याच बियाण्याचं सीलबंद पाकीट मात्र बरोबर निघालं. म्हणजे शेतकऱ्यानंच विनापरवाना खुलं बियाणं पेरलं, असा निष्कर्ष निघाला. अप्पांना नोटीस गेली. माझी चूक मला अहवाल वाचतानाच कळली होती. बोललो असतो तर माझी चौकशी लागली असती. मी नोटिशीवर सही केली.

निवृत्तीनंतर एकदा माफी मागायला गेलो. गिरजाबाई वारल्या होत्या. चहा अप्पांनीच केला.

"त्या नोटिशीचं मनाला लावून घेऊ नका, साहेब," मी काही बोलायच्या आत ते म्हणाले. "चूक आमच्या घरातली. हिनंच बी बदललं असणार. ही आपली म्हनायची, साहेबांनी कडंची पानं नेली. म्या म्हनलो, नियम शिकवणारा मानूस कडंची नेईल व्हय? लई बोललो तिला. मग तिनं रानात यायचंच सोडलं."

ते बशीकडं बघत राहिले.

"खरं सांगू का? बदललं तर बदललं. येवढं बोलायचं नव्हतं म्या."

"अप्पा..." मी म्हणालो.

"साखर कमी झाली का? मला अजून अंदाज येत न्हाय."

"नाही, चांगला झालाय," म्हणालो. चहा संपवला आणि बस गाठली.

अप्पा, गिरजाबाई खरं बोलत होत्या. कडेची पानं मीच नेली होती. मला माफ करा.