सभ्य भाषेत भांडून मिळेल

आयुष्यभर जे काम मी फुकट केले, त्याचे पैसे घ्यायचे असे एका सकाळी मी ठरवले. काम म्हणजे भांडण.

झाले असे, की मुलाच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला. बाटल्यांची झाकणे बनवतात तिथे. लोकांनी बाटल्या उघडायचे कमी केले की काय कोण जाणे, पण महिनाअखेर आली की आमच्या घरात सगळे एकमेकांची तोंडे बघू लागले. मुलगा म्हणाला, "मी पहाटे पेपर टाकतो." सूनबाई म्हणाली, "मी घरी शिकवण्या घेते." आमचे हे काहीच म्हणाले नाहीत. निवृत्त झाल्यापासून हे शब्दकोडी सोडवतात, आणि शब्द वाया जाऊ नयेत म्हणून बोलत नाहीत.

"आणि मी?" मी विचारले.

"तुम्ही कशाला, आई? तुम्ही आता आराम करा."

आराम! मला! मी शाळेची पायरी चढलेली नाही. दुकानातून येणाऱ्या पुड्यांचे कागद उलगडून अक्षर अक्षर जोडत वाचायला शिकले. कायदा, आरोग्य, राजकारण, आकाशातले ग्रह, सगळ्यातले मला निम्मे निम्मे कळते (पुडीचा कागद नेमका महत्त्वाच्या जागी फाटलेला असतो, त्याला मी काय करू?). पण निम्म्या माहितीला पुरा आवाज लावला की समोरचा पदवीधरसुद्धा गार पडतो.

त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात मी चिठ्ठी चिकटवली. "भांडायला वेळ नाही? धीर होत नाही? तुमच्या वतीने सभ्य भाषेत भांडून मिळेल. निम्मी फी आगाऊ. उरलेली जिंकल्यावरच." खाली सूनबाईच्या जुन्या फोनचा नंबर.

मुलाने कपाळाला हात लावला. पण फोन वाजू लागला की हो! जगात भित्री माणसे किती आहेत, याची मला कल्पनाच नव्हती. पहिलेच गिऱ्हाईक बँकेतला एक लाजाळू कॅशियर. लाँड्रीवाल्याने त्याचा शर्ट आटवून दिला होता.

"शर्ट आहे तेवढाच आहे," लाँड्रीवाला मला म्हणाला. "साहेब जाड झालेत."

"बरं, पोट सुटलं असेल," मी म्हणाले. "आणि ही बाही कोपरापर्यंत आलीय ती? हातही लांबले का त्यांचे? माकड झाले?"

शर्टाचे पैसे तर मिळालेच, वर चादर फुकट धुऊन मिळाली. मग टाळाटाळ करणारा शिंपी झाला, मध्यरात्री कपाटे सरकवणारा शेजारी झाला. मी एकही भांडण हरले नाही. घरात माझ्या चालण्याला वजन आले. सूनबाई चहा विचारून करू लागली.

आणि एके दिवशी, मेकॅनिक आमच्या मेलेल्या फ्रिजसमोर बसून "पैसे आधी" म्हणत असताना, फोन आला.

"त्या भांडून देणाऱ्या मावशी तुम्हीच का?" आवाज कापरा होता.

"मीच. कोणाशी भांडायचंय?"

"एका भाडेकरणीशी. मी घरमालकांचा नवा मॅनेजर. भाडं वाढवायचंय हो. पण तिथे एक म्हातारी आहे. आधीचा मॅनेजर तिच्याशी बोलायला वर गेला, तो खाली आला आणि त्यानं राजीनामाच दिला."

"असल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात," मी म्हणाले. "जिभेला हाड नसतं मेल्यांच्या. सगळी हवा असते. टाचणी लावायचा अवकाश! आगाऊ पैसे पाठवा आणि पत्ता पाठवा."

पैसे लगेच फोनवर आले. मी ते लगेच मेकॅनिकला दिले. फ्रिज घरघरू लागला. मग पत्ता आला.

मी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. इमारत आमची, वरचा मजला आमचा, दार आमचे.

(आधीच्या मॅनेजरला मी काहीही बोलले नव्हते. छत गळते एवढेच सांगितले होते. जरा विस्ताराने सांगितले होते, इतकेच.)

"आई, पैसे परत करून टाका," सूनबाई म्हणाली.

"कुठून करू? फ्रिजमध्ये गेले ते."

वाढलेले भाडे मुलाच्या पगारात बसणार नव्हते. म्हणजे घरच सोडावे लागले असते. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही (मला गुरूच नाही). मॅनेजर वर यायला घाबरत होता. "मी जिन्याखाली उभा राहून ऐकेन," असे त्याने आधीच सांगितले होते. मग सोपे होते. दोन्ही बाजूंनी मीच भांडायचे. भाडेकरीण म्हणून जिंकायचे आणि भांडणारी म्हणून हरायचे. उरलेली निम्मी फी बुडेल, बुडू दे. घर राहील.

"एक आवाज तू काढ," मी सूनबाईला म्हणाले. "मला चार शब्द सुनाव."

ती दोन पावले मागे सरकली. "नको आई. एकदा सुरू झाले तर मला थांबता येणार नाही."

म्हणून दोन्ही आवाज माझ्याकडेच आले.

ठरल्या वेळी मी सूनबाईचा रेनकोट आणि काळा चष्मा चढवून फाटकापाशी गेले. मॅनेजर काडीसारखा माणूस. छातीशी फाइल घट्ट धरलेली, वरून कोणी काही फेकले तर अडवायला. "सांभाळून हं मावशी," तो म्हणाला. मला त्याची दयाच आली. वर गेले, आमच्या दाराची बेल वाजवली, आत शिरले आणि दार अर्धे उघडे ठेवले.

"कोण गं तू?" मी माझ्या आवाजात कडाडले.

"घरमालकांकडून आलेय," मी जाड आवाजात म्हणाले. "भाडं वाढणार आहे."

"आधी छत दुरुस्त करा, मग भाड्याचं नाव काढा!"

हे माझे हुकमी वाक्य. याच्या पुढे आजवर कोणी गेलेले नाही. इथेच सगळे संपायला हवे होते. पण खाली गिऱ्हाईक कान लावून उभे, आणि एकही भांडण न हरलेली बाई पहिल्याच फटक्याला गप्प बसणार? जाड आवाज बोलून गेला (शपथेवर सांगते, मी ठरवले नव्हते), "छत गळणारच! कपड्यांच्या दोरीसाठी गच्चीत खिळे कोणी ठोकले?"

मी चपापले. ही गोष्ट घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती.

"खिळे आधीपासूनच होते!"

"हो का? मग लाल दोरा गुंडाळलेली हातोडी अजून टाकीमागे कशी पडलीय? तीही आधीपासून?"

"हातोडीचं काय काढतेस? भाड्याचं बोल!"

"बरं, हातोडी राहू दे. स्वयंपाकघरातलं कपाट सरकवू का? त्याच्यामागे भिंत फोडून कोनाडा कोणी केलाय?"

सूनबाई दोन्ही हात हलवून मला आवरत होती. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. लग्न झाल्यापासून माझे भांडण ह्यांनी इतक्या मन लावून कधी ऐकले नव्हते. आणि मी काय करू? असला विरोधक मला जन्मात भेटला नव्हता. त्या बाईला माझ्या घरातली वीट न् वीट माहीत होती!

मी शेवटचे शस्त्र काढले. "मला शिकवू नकोस! कायदा मला पाठ आहे! कायद्यानुसार भाडेकरूला..."

"भाडेकरूला काय?"

"भाडेकरूला..." नेमका तिथेच कागद फाटला होता.

"बोल ना पुढचं! निम्मी पुडी वाचून कायदा सांगतेस होय?"

हे मला आजवर कोणी, अगदी कोणीही बोललेले नव्हते. लागले हो. माझा आवाज कसाबसा म्हणाला, "बरं. घ्या वाढवून."

खाली आले तेव्हा मॅनेजरचे डोळे भरून आले होते. "मावशी, काय बोललात तुम्ही! आणि भिंत फोडलेली तुम्हाला कशी कळली?"

"अनुभव," मी म्हणाले. "पण अहो, ती बाई मनाची वाईट नाही. घरात अडचण आहे. भाडं थोडं कमीच वाढवा की."

"तुम्ही फार हळव्या आहात." त्याने उरलेली फी माझ्या हातात ठेवली. "ती बघा किती किंचाळत होती. आवाज तुमच्यासारखाच, पण कर्कश. कोनाड्याचा खर्चही आता भाड्यातच घालतो."

घर राहिले म्हणा. मुलगा पहाटे पेपर टाकतो. सूनबाई शिकवण्या घेते. बाहेरच्याच खोलीत, त्यामुळे संध्याकाळभर मला तोंडातून शब्द काढायची बंदी आहे. दुकानातली चिठ्ठी मीच काढून आणली.

त्या दिवशी रेनकोट काढून मी मटकन खुर्चीत बसले. घरात फ्रिज तेवढा बोलत होता. जरा वेळाने हे जवळ आले. कोडे अर्धवट टाकून, स्वतःहून! मला वाटले, माणूस पाठीवर हात ठेवेल.

"अगं, ती जाड आवाजाची बाई," हे हळूच म्हणाले, "फी किती घेते?"

"कशाला?"

"महिन्यातून एकदा बोलवावी म्हणतो. पेन्शनीतून देईन."