सोळा श्वास

पेशंट होण्याइतकं सोपं काम जगात दुसरं नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो! एरवी मी इतकं ठाम बोलत नाही. चाळीस वर्षं वाचनालयात काढली. तिथे कोणी वेळ विचारली तरी मी दोन घड्याळं बघून सांगायचो. पण पलंगावर आडवं पडायचं, एवढंच तर होतं!

माझी नात नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करत होती. रुग्णाला उठवणं-बसवणं, अंघोळ घालणं, भरवणं, अशी सगळी कामं. लेखी परीक्षा सहज सुटली, प्रॅक्टिकलला मात्र ती दोनदा अडकली. ही शेवटची संधी. नापास झाली की अख्खा कोर्स पहिल्यापासून! त्यात एका वृद्धाश्रमाने तिला सोमवारपासून कामावर बोलावलेलं, पण सर्टिफिकेट असेल तरच. प्रॅक्टिकलला आपला पेशंट आपणच न्यायचा असतो. तिची मैत्रीण पेशंट होणार होती, ती आदल्या दिवशी खरोखरच आजारी पडली!

"आजोबा, तुम्ही याल?"

"येतो की!"

"पण काही करायचं नाही हं. नुसतं पडून राहायचं."

"अगं, पेशंट होण्याइतकं सोपं काम..." वगैरे.

पण तयारी न करता परीक्षेला जाणं माझ्या रक्तात नाही. त्याच दुपारी मी तिचं जाडजूड पुस्तक काढलं आणि पेन्सिलीने खुणा करत संध्याकाळपर्यंत संपवलं. तिला सांगितलं नाही. उगाच रागावली असती.

परीक्षा एका मोठ्या इस्पितळातच होती. खोलीत एक पलंग, एक पडदा, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात परीक्षक बाई. बाईंचा चेहरा असा, की त्यावरही कडक इस्त्री फिरवली असावी!

पहिलं काम: पेशंटचा डावा हात लुळा आहे, त्याला शर्ट घाला. लुळा हात बाहीत आधी घालायचा, हे मला पुस्तकातल्या पानासकट पाठ होतं. नात शर्ट धरून क्षणभर थांबली. विसरली की काय? मी हळूच डाव्या हाताची बोटं नाचवली.

"आजोबा!" बाई कडाडल्या. "तो हात लुळा आहे!"

"माफ करा, माफ करा!" म्हणत मी दोन्ही हात जोडले.

"परत हलवलात!"

नातीने माझ्याकडे असं बघितलं, की उरलेलं अंगही लुळं पडलं. शर्ट तिने अचूक घातला. ती विसरली नव्हतीच!

मग आलं शेवटचं काम. तिने माझं मनगट धरलं. "आजोबा, नाडी बघते हं."

थाप! ती माझे श्वास मोजणार होती. कोणी मोजतंय हे कळलं की पेशंटचा श्वास बिघडतो, म्हणून नाडीचं निमित्त करायचं, असं पुस्तकातच होतं. मिनिटभर ती मोजणार, बाईही मोजणार, आणि दोघींचे आकडे जुळले तर पास. मला हे कळायला नको होतं. पण मी वाचलं होतं ना!

सत्तर वर्षं मी श्वास घेतोय, पण त्या क्षणी तो कसा घेतात हेच आठवेना. ठरवलं, मिनिटाला सोळा घेऊ. पुस्तकातल्या बारा ते वीसच्या बरोबर मधले. म्हणजे दर पावणेचार सेकंदांनी एक. घड्याळावर नजर रोखली. पाचव्या श्वासाला हिशेब चुकला, म्हणून थांबलो. मग राहिलेले भरून काढायला भराभर चार घेतले. ते जास्त झाले, म्हणून पुन्हा थांबलो. घड्याळाला सहा काटे दिसायला लागले. मग नऊ!

"आजोबा, काय होतंय?"

काही करायचं नाही, असं बजावलेलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

नातीने मनगट सोडलं. माझी कॉलर सैल केली, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली आणि बेल दाबली. परीक्षेत बेल दाबल्याचं नाटक करायचं असतं. हिने खरीच दाबली! दोन नर्सेस, एक स्ट्रेचर आणि एक डॉक्टर असं वऱ्हाड आत घुसलं. मला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं, नाकावर मास्क बसला.

"आजोबा, वय किती?" डॉक्टर ओरडले.

"सोळा," मी म्हणालो. डोक्यात तेवढंच शिल्लक होतं.

"भ्रम झालाय! मेंदूचा फोटो काढा!"

"थांबा!" नात किंचाळली. "आजोबा, तुम्ही श्वास मोजत होतात? माझं पुस्तक वाचलंत?"

मी मास्कमधून मान हलवली.

"ही मोजणी रद्द," बाई म्हणाल्या.

नात स्टुलावर बसली ती बसलीच. मी हादरलो. पोरीचं सोमवारचं काम मी गिळून टाकलं होतं! "बाई, चूक माझी आहे हो! हवं तर मला नापास करा!"

"तुम्ही झालाच आहात," बाई म्हणाल्या. मग नातीकडे वळल्या. "ऊठ. पेशंट बिघडतोय हे बघून तू मोजणी सोडलीस. पास होण्यासाठी मोजत बसली असतीस, तर मीच घरी पाठवलं असतं. श्वास मात्र मोजावेच लागतील. दुसरा पेशंट आहे?"

बाहेर बाकावर आमची मंडळी बसली होती. तिला आत आणलं. स्ट्रेचरवर मला बघून ती जागच्या जागी थिजली. "अहो! आडवं पडताना काय केलंत एवढं?"

"तू झोप, आजी," नात म्हणाली.

हिने पलंगावर पाठ टेकली आणि पहिल्या मिनिटात गाढ झोपली! दुसऱ्या मिनिटात दोघींचे आकडे आले. चौदा आणि चौदा. नात पास!

सोमवारी नात कामावर रुजू झाली. मंगळवारी बाईंचा फोन आला. मी माफी मागतच उचलला, तर त्यांना हीच हवी होती. इतका आदर्श पेशंट त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता म्हणे. दर परीक्षेला पाठवाल का?

आता ही महिन्यातून दोनदा जाते. मीही जातो. बाहेर बाकावर बसून तिची पर्स सांभाळतो.