टॅबातला तलाव

मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष वारलूभाऊ भरल्या ताटाकडे पाठ करून टॅबावर मासे धरत बसले होते.

तो टॅब एका संस्थेच्या दिव्यानी मॅडमनी तीन दिवसांसाठी त्यांच्याकडे ठेवला होता. बोटानं जाळं फेकायचं, मोठे मासे ठेवायचे, बारकी पिल्लं पाण्यात सोडायची, असा खेळ. भाषणानं पटत नाही ते खेळानं पटतं, असं मॅडमचं म्हणणं. खेळायला बसलं की टॅब आधी माणसाचं नाव विचारून फोटो काढून घेई.

वारलूभाऊ नियमानं पिल्लं सोडत होते. टोपली काही भरेना. बायकोनं, कुंताबाईनं, सहज बोट फिरवलं, तर तिचे गुण जास्त!

"चाळीस वर्सं तलावात गेली तुमची," ती म्हणाली, "अन् मी तं पाण्यात पायबी नाई टाकला."

हे वर्मी लागलं. वारलूभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि पिल्लंही टोपलीत घातली. टोपली भराभर भरली. खोटं पाणी, खोटे मासे. कोणाचं काय बिघडतं? तीन दिवसांत त्यांनी कुंताबाईला पार मागे टाकलं.

चौथ्या दिवशी समाजमंदिरात सभा भरली. मॅडमनी खेळ भिंतीवर मोठा करून दाखवला. सोसायटीतल्या डोमानं पहिलं जाळं फेकलं. रिकामं. दुसऱ्यानं फेकलं. तेही रिकामं.

"बिघडला जी तुमचा टॅब," डोमा म्हणाला.

"बिघडला नाही. यात अख्ख्या गावाचा मिळून एकच तलाव आहे. कोणीतरी पिल्लंसुद्धा काढलीत. मग मासे वाढतील कुठून?"

गप्प बसायचं सोडून अध्यक्षपणाच्या सवयीनं वारलूभाऊ उठले. "कोन होय तो? लाज नाई वाटत? डोमा, तूच असशीन! मांगच्या साली पिल्लं धरायचं बारीक जाळं तुह्यंच धरलं होतं मी!"

"मी तं आत्ता हात लावला, भाऊ. मॅडम, नाव निघते का?"

"निघतं की. फोटोसकट."

"राहू द्या, मॅडम," वारलूभाऊंचा आवाज एकदम उतरला. "गावचाच मानूस असन. झालं गेलं."

"नाई नाई," डोमा म्हणाला, "निघूच द्या."

भिंतभर वारलूभाऊ उगवले. खालून काढलेला फोटो, मोठाल्या नाकपुड्या, दातांत धरलेली जीभ. खाली लिहिलं होतं: पिल्लं, दोन हजार एकशे चार.

कोणी हसलं नाही. तेच फार लागलं. वारलूभाऊंनी चष्मा काढून खिशात घातला, म्हणजे तोंडं तरी दिसणार नाहीत.

"चुकलो," ते म्हणाले. "डोमा, तुले नाहक बोललो."

मॅडम मात्र खूश होत्या. "भाऊ, इतकं नीट आजवर कोणी समजावलं नाही! सोमवारी पुढच्या गावी माझ्यासोबत चला."

नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. टॅब आदल्या दिवशीच तिथे पोचला होता. सोमवारी त्या गावातल्या लोकांपुढे वारलूभाऊंनी हात जोडून आपली सगळी करणी सांगितली. मान शेवटपर्यंत वर झाली नाही.

सभा उठल्यावर तिथले अध्यक्ष देवराव त्यांना हळूच चिंचेखाली घेऊन गेले. इकडेतिकडे पाहून कानाशी लागले.

"दोन हजार कसे जी धरले? मले तं कालपासून तीनशेच्या वर जमून नाई राह्यलं."

वारलूभाऊंनी पुन्हा हात जोडले.

"टॅब मॅडमले देऊन टाका, भाऊ," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."