सुदामभाऊंची नवी सून

सुदामभाऊ राठोड गाडीचं काम करत असले की त्यांच्या दुकानात शिंकायलाही बंदी असते. पुसदला त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडीचं जळलेलं कंट्रोल मॉड्यूल काढायचं, नवं बसवायचं, मग लॅपटॉप जोडून त्या कोऱ्या डब्याला ही गाडी कोणती, तिची किल्ली कोणती, हे सगळं शिकवायचं.

"नवी सून हाये ते," सुदामभाऊ म्हणतात. "चुला कुठं, पानी कुठं, सारं सांगा लागते. अन् सांगता सांगता लाइन गेली, तर सून मुकी. जल्मभर!"

माझ्या गाडीच्या मॉड्यूलमध्ये धुताना पाणी शिरलं आणि गाडी सुरूच होईना. इकडे लेकीचे दिवस भरत आलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं, हे मी सुदामभाऊंना आल्याआल्याच सांगितलं.

सुदामभाऊंनी बॅटरीला चार्जर लावला आणि माझा मोबाइल बंद करायला लावला. मी गाडीच्या दाराला जरा टेकलो.

"हात लावू नोका, गुरुजी! दार उघडलं का दिवा लागते, दिवा लागला का करंट खाते!"

"उघडत नाही हो. टेकलोय फक्त."

"टेकू बी नोका!"

पडद्यावरची हिरवी पट्टी निम्म्यावर आली आणि लाइन गेली.

"ए याडी!" सुदामभाऊ ओरडले. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. धावत जाऊन त्यांनी आपल्या गाडीची बॅटरी काढून आणली आणि केबलचे चिमटे लावले. पट्टी थबकलेली. मला डोळ्यांपुढे लेक दिसत होती. मग पट्टी हलली.

काम संपल्यावर इंडिकेटर दिला, तर वायपर फिरले. "घाबरली हाये बिचारी," म्हणत सुदामभाऊंनी पुन्हा काहीतरी टाइप केलं. यावेळी सगळं ठीक झालं.

मी पुढच्या सीटवर पिशवी ठेवली, तर सीटबेल्टचा आवाज सुरू झाला. टुंग, टुंग.

"भाऊ, लॅपटॉप जोडलेलाच आहे, तर हेही बंद करून टाका. सगळे करून घेतात."

"दुसरीकडं करून घ्या. मी नाही करत."

"अहो, मग पिशवीलाही पट्टा लावू का?"

ते हसले नाहीत. केबल गुंडाळत राहिले.

"आमची घरवाली दारात उभी राहे. मी गाडी काढली का ओरडे, 'पट्टा लावा!' रोज. मी चिडो तिच्यावर." लॅपटॉप मिटून म्हणाले, "मागच्या साली गेली ते. आता हे गाडीच तेवढं म्हनते मले."

मी गाडीत बसलो, तसे ते खिडकीशी वाकले.

"लेकीले पट्टा पोटाच्या खालून लावजा, गुरुजी. वरून नाही."

सकाळी निघताना गाडी टुंग टुंग करू लागली. लेक वैतागली, "बाबा, हे बंद नाही का करता येत?"

"नाही येत," मी म्हणालो, आणि पट्टा तिच्या पोटाखालून नीट लावला.