समतुल्य यंत्र निवड समिती

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला पाच पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही. म्हणजे कठडा आहे, मुंबईकर मंडळींनी देणगी म्हणून पाठवलेला, पण तो पायऱ्यांशेजारी आडवा पडून आहे. बसवायला आठ भोकं पाडावी लागतात. भोकांना ड्रिल मशीन लागते, नामांकित कंपनीची परवडत नाही, सबब ‘परवडणारे समतुल्य यंत्र निवड समिती’ स्थापन झाली. मी निवृत्त मुख्याध्यापक, घरात माझं कोणी ऐकत नाही, त्यामुळे अध्यक्षपद माझ्याकडे आलं.

पहिल्याच दिवशी लवू सुतार म्हणाला, “मास्तरांनू, माझी मशीन आसा. आठ भोकां अर्ध्या तासात पाडून देतंय.”

त्याच्या भावनेची आम्ही नोंद घेतली. पण भोकं पडली की समिती कशाला उरणार?

सचिव जितेंद्र यांनी महिनाभर मोबाइलवर परीक्षणं पाहिली. शेवटी तीन यंत्रं उरली. हिरव्याला दिवा होता, निळ्यासोबत पिशवी फुकट होती आणि लाल यंत्राचं नाव नामांकित कंपनीपेक्षा एकाच अक्षराने वेगळं होतं. तिन्हींचंही दुरुस्ती केंद्र कोल्हापुरात, म्हणजे बिघडलं की यंत्राने घाट चढायचा.

ठराव मांडायला भाई उभे राहिले. भाई गावचे मानकरी. देवळात आयुष्यभर गाऱ्हाणी घातल्यामुळे दुसऱ्या सुरात त्यांना बोलताच येत नाही.

“बा देवा म्हाराजा, समितीक हिरवी मशीन घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सभा गरजली. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

निळ्या पक्षाने घाबरून भाईंना निळ्याचंही गाऱ्हाणं घालायला लावलं. व्हय म्हाराजा. मग लालचं. इतिवृत्तात तिन्ही यंत्रं एकमताने मंजूर झाली आणि घ्यायचं होतं एकच.

वरून मार्गदर्शन मागवलं. उत्तर आलं : समतुल्य म्हणजे कशाशी समतुल्य, हे आधी पडताळावे, त्यासाठी नामांकित कंपनीचे यंत्र नमुना म्हणून खरेदी करावे. आम्ही केलं. निधी तिथेच संपला. नमुना कपाटात मोहोरबंद आहे. वापरला तर झिजेल.

या काळात सुभद्राकाकू दर मंगळवारी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी भिंत धरधरून त्या पायऱ्या चढायच्या. मला बघून विचारायच्या, “मास्तरांनू, कठडो कधी बसतलो? ढोपरां आता माझा ऐकणत नाय.”

“प्रक्रिया सुरू आहे,” मी म्हणायचो. लाज वाटायची, पण इतिवृत्तात लाजेला रकाना नसतो.

गेल्या मंगळवारी त्या तिसऱ्या पायरीवरून पडल्या. लवूने आपल्या टेम्पोत घालून त्यांना इस्पितळात नेलं.

ही हकिगत मी फोंडाघाटच्या बाजारात, तळेऱ्याच्या स्टँडवर बऱ्याच जणांना सांगितली. सगळे हळहळले आणि निघताना प्रत्येकाने एकच गोष्ट विचारली. तुमच्याही ओठांवर तीच असणार, म्हणून सांगून टाकतो : घरगुती कामाला हिरवी घ्या. सुभद्राकाकू कशा आहेत, हे अजून कोणी विचारलेलं नाही.