वामनकाकांच्या टोळीत फितूर नाही

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. अशा घरातल्या मुलानं कुणाचं व्यक्तिचित्र लिहावं, हे जरा जास्तच झालं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण ज्या माणसानं पहिल्याच भेटीत मला ठगांच्या टोळीत भरती करून घेतलं, त्याच्यावर नाही लिहायचं तर कुणावर?

वामनकाका हिंगणघाटला आमच्याच गल्लीत राहतात. माणूस दिसला की ते त्याला खालून वर न्याहाळतात आणि टोळीतलं काम नेमून टाकतात. मला म्हणाले, "तू भोळा. तुह्या तोंडाकडं पाहून कोनीबी सही करून देईन." आईला त्यांनी 'रडणारी विधवा' केलं. बाबा शेजारीच उभे होते.

काका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. पाणी मारलेला कापूस, गाडीच्या तळाशी दडवलेले दगड, सगळी लबाडी त्यांच्या बोटांना कळायची. मशीनच्या आवाजानं मात्र कान गेले. म्हणून त्यांचे फोन मी घेतो आणि ओरडून सांगतो. आता ते कादंबरी सांगतात, मी वहीत उतरवतो. सात जण मिळून एका लबाड व्यापाऱ्याला गंडवायला एका दिवसाची खोटी जिनिंग उभी करतात. खोटा काटा, खोटा मुनीम, हमालसुद्धा खोटे.

करून पाहिल्याशिवाय काका काही लिहू देत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत जिनिंगची पाटी बदलता येते का, हे पाहायला ते एकदा खऱ्या जिनिंगच्या फाटकावर शिडी लावून चढले आणि पाटी काढून खाली आले.

"शिडी कोनं धरली, माहीत हाय? चौकीदारानं!" ते मला म्हणाले. "ठगाले घाई नसते, लेका. घाई फसनाऱ्याले असते."

पाटी परत लावतानाही चौकीदारानंच शिडी धरली. वर चहा पाजला.

अडलं ते शेवटच्या प्रकरणात. टोळीतला सातवा, नामदेव, ऐनवेळी व्यापाऱ्याला जाऊन मिळतो. मी भीतभीत, पण ओरडूनच म्हणालो, "काका, अशा गोष्टींत एक जण फुटतोच."

"माह्या टोळीत नाई फुटत."

"मग नामदेव व्यापाऱ्याकडं काऊन जाते?"

"तो डावच असते, बे. वाचनाऱ्याले मागून समजते."

"कोणता डाव?"

काकांनी वहीची पानं मागं उलटली. "थेच तर सुचून नाई राह्यलं."

आईला विचारलं तेव्हा कळलं, ते सात जण खरेच होते. काका आणि त्यांच्याबरोबर कामाला असलेले सहा. संप करायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी नावं मालकाकडं पोचली. काकांसकट सहा जणांना काढलं. सातव्या नामदेवाची नोकरी राहिली, पण आठवड्याभरात तो बिऱ्हाड घेऊन पुलगावला निघून गेला. पुढं काकांना दुसऱ्या जिनिंगनं ठेवून घेतलं. सगळी गल्ली नामदेवाला फितूर म्हणायची. एकटे काका म्हणायचे, "कारन असंन काही. येईन अन् सांगन तो मले." तो आला नाही. काका मात्र वहीत त्याच्यासाठी कारण शोधत बसले.

गेल्या रविवारी फोन वाजला. पुलगावहून नामदेवाची मुलगी बोलत होती.

"बाबा गेले, दादा. परवा. जातानी म्हने, वामनले सांगजो, नावं म्याच देल्ली. मालकानं दरडावलं अन् मले भेव लागलं. बस, एवढंच."

काका माझ्या तोंडाकडं पाहत होते. "कोन हाय?"

नामदेव गेल्याचं मी ओरडून सांगितलं. पुढचं माझ्याच्यानं ओरडवेना. न सांगता राहावं, असंही मनात आलं. पण ते त्या माणसानं काकांसाठीच ठेवलेलं होतं. मी वहीच्या मागच्या बाजूला लिहिलं आणि वही त्यांच्यापुढं धरली. काकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"इचार तिले," ते म्हणाले, "शेवटी जवळ कोनी होतं काय त्याच्या?"

मी विचारलं. मग काकांच्या कानाशी तोंड नेऊन, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "लेक होती, काका! हात धरून होती!"