दोन मीटर आणि एक इन्स्पेक्टर

"बाबा, दात घासताना नळ बंद ठेवायचा असतो," मुलगी म्हणाली. "टेलरकाकांनी शिकवलं."

पाणीखात्यातल्या मीटर रीडरच्या हातातला ब्रश तोंडातच थांबला. हेच वाक्य त्याने गेली चार वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ पोरीला ऐकवलं होतं. समोरच्या दारातले टेलरकाका ते एकदाच बोलले आणि तिच्या डोक्यात बसलं. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत घालायचं, हे काकांचं. चिंध्यांची पिशवी, काकांची. कागदाला दोन बाजू असतात, हाही शोध बहुतेक काकांनीच लावला होता. चौदा वर्षं गावाचं पाणी मोजणारा माणूस स्वतःच्या घरात बिनकामाचा ठरला होता.

"शुक्रवारी शाळेत न्यायचंय," मुलगी पुढे म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि घरात तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. "ज्यांनी पाणी वाचवायला शिकवलं त्यांना. स्टेजवर."

"मग? मी रजा टाकतो."

"काका पण दुकान बंद ठेवणारेत." इन्स्पेक्टरने वही उघडली. "असं करू. उद्यापासून गुरुवारपर्यंत मी दोघांची मीटरं बघणार. ज्याचं मीटर जास्त खाली येईल, तो येणार."

"मीटर कधी खाली येत नाही, बाळा. वापर खाली येतो."

"काकांना लगेच कळलं होतं."

मीटर रीडरने चूळ भरली. नळ बंद ठेवूनच भरली.

त्याच्या घरी रोज चारशे लिटर पाणी लागायचं, टेलरकाकांकडे दोनशे. हे आकडे त्याला तोंडपाठ होते. समोरच्यांचा तर जरा जास्तच. सोमवारी सकाळी कामावर जाताना तो जिन्याखाली वाकला. तिथल्या लोखंडी झाकणामागे दोन्ही घरांची मीटरं आणि त्यांचे व्हॉल्व्ह शेजारी शेजारी होते. त्याने व्हॉल्व्ह पाऊण आवळला. धार बारीक झाली की वापर आपोआप कमी, हे व्यवसायातलं ज्ञान. टेलरला ते कुठून असणार? वाकलाच होता म्हणून त्याने आवळता आवळताच समोरच्यांचा आकडाही बारकाईने वाचून घेतला.

संध्याकाळी सहाला निकाल लागला.

"आपलं चारशे वीस," इन्स्पेक्टरने वाचलं. "काकांचं एकशे चाळीस."

"चारशे वीस? वाढलं?"

"काका म्हणाले, पहिल्या दिवशी होतं असं. सवय लागते हळूहळू."

मंगळवारी मीटर रीडरने अंघोळीला माणशी अर्धी बादली ठरवून दिली. बुधवारी वॉशिंग मशीनची पिन काढून टाकली आणि स्वतः ऑफिसच्या बेसिनवर अंग पुसून आला. बायको शाळेत ग्रंथपाल होती. आवाज चढवायची तिला सवय नव्हती.

"अहो, एवढ्याशा पाण्यात भात शिजवायचा की तोही कोरडाच खायचा?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे."

"त्या काकांच्या नावाने तुम्ही आम्हाला वाळवणार."

बुधवारचा आकडा पाचशे चाळीस होता. काकांचा ऐंशी.

दोन माणसं आणि ऐंशी लिटर! मीटर रीडर काकांच्या शर्टाकडे बघत राहिला. शर्ट स्वच्छ होता, इस्त्री केलेला होता. काकांच्या कुंडीला फूल आलं होतं. हा माणूस पितो काय आणि धुतो काय? त्यातून जिन्यात भेटल्यावर काका नम्रपणे म्हणाले, "तुमच्याकडे गळतीबिळती नाही ना? एकदा बघून घ्या. तुमचंच खातं आहे." मीटर रीडरला रात्रीचं जेवण गेलं नाही.

गुरुवारी तो गळती शोधायला साडेपाचलाच घरी आला. दार उघडंच होतं. त्याच्या स्वयंपाकघरातून टेलरकाकू दोन भरलेल्या बादल्या घेऊन बाहेर येत होत्या.

"आलात होय भाऊजी? बाजूला व्हा, सांडेल. आमच्या नळाला सोमवारपासून करंगळीएवढी धार आहे बघा. तुमच्याकडे मात्र मस्त येतं."

"सोमवारपासून?"

"रोज सगळी भांडी भरून ठेवते. उद्या आलं, न आलं. आणि कालचं शिळं पाणी ओतून टाकते."

"मग मला का नाही सांगितलंत? मी पाणीखात्यात आहे, वहिनी!"

"मी म्हटलं होतं. हे म्हणाले, नको, पोरीसमोर त्याचं नाक वर होईल."

आतून बायको म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. शेजारणीला पाणी नाही म्हणायचं मला जमत नाही. तुमच्या वहीत मांडा हवं तर."

मीटर रीडर जिना उतरला, झाकण उघडलं. त्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. पाऊण आवळलेला होता तो टेलरकाकांचा. सोमवारी नजर ज्या आकड्यावर होती, हातही तिथेच गेला होता.

तो व्हॉल्व्ह फिरवत असतानाच गळ्यात टेप अडकवलेले काका मागे येऊन उभे राहिले.

"सापडली गळती?"

"सापडली," मीटर रीडर वळून म्हणाला. "तुमच्या घरात. दोन बादल्यांतून."

काकांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "आणि हा हात कुणाच्या व्हॉल्व्हवर आहे?"

मीटर रीडरने हात मागे घेतला. मग काका हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही बोलू नका, मीही बोलत नाही."

"जिंकणार तुम्ही, आणि गप्प मी बसायचं?"

"मग सांगा की पोरीला. व्हॉल्व्हपासून सुरुवात करा."

"नको," जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून आवाज आला. "ऐकलं मी."

इन्स्पेक्टरने खाली बसून दोन्ही मीटरं वाचली, वहीत बेरीज केली आणि पेन्सिल कानामागे ठेवली. "आपलं पाचशे नव्वद, काकांचं पन्नास. दोन्ही घरांना मिळून आधी सहाशे लागायचं. आज सहाशे चाळीस." ती आळीपाळीने दोघांकडे बघत म्हणाली, "तुम्ही काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं."

"मग उद्या कोण येणार?" दोघांनी एकदमच विचारलं.

"दोघंही."

शुक्रवारी शाळेच्या स्टेजवर सगळ्यांच्या घरची पाणी वाचवणारी मोठी माणसं एका बाजूला बसली होती. हे दोघं दुसऱ्या बाजूला उभे होते. इन्स्पेक्टरने माईक हातात घेतला, तक्ता दाखवला आणि 'पाणी वाया कसं जातं' या विषयावर दोन मिनिटं, एकदाही न अडखळता, ती बोलली. शेवटी "हे सगळं यांच्यामुळे झालं" असं म्हणून तिने आधी टेलरकाकांकडे बोट दाखवलं, मग वडिलांकडे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी परतताना मीटर रीडर पाय आपटत चालला होता.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"पहिलं बोट त्यांच्याकडे दाखवलं," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह तर मी आवळला होता."